ब्लेंडेड कोर्स तयार करायला प्राध्यापकांना शिकवायचंय, पाच दिवसांत नेमकं काय घ्यावं?

खतावणी

नमस्कार मंडळी. आमचं सातारा जिल्ह्यातलं तालुक्याच्या गावचं कॉलेज. बीए, बीकॉम, बीएस्सी. मी अकाउंट्स शिकवते. प्राचार्यांनी फर्मान काढलंय की दिवाळीच्या सुट्टीआधी ब्लेंडेड लर्निंगवर (म्हणजे कोर्सचा काही भाग ऑनलाइन, काही वर्गात) पाच दिवसांची कार्यशाळा घ्यायची आणि संयोजक मी. का, तर लॉकडाऊनमध्ये माझ्या यूट्यूब लेक्चरांना बरे व्ह्यूज होते. (निम्मे दुसऱ्याच विद्यापीठातल्या पोरांचे, परीक्षेच्या आदल्या रात्रीचे. पण हे त्यांना कोण सांगणार!)

तीसेक शिक्षक येतील. मी स्वतः ज्या अशा कार्यशाळांना बसलेय त्यांचा साचा ठरलेला असतो. पहिल्या दिवशी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, मग गूगल क्लासरूम, मग कॅनव्हा, हल्ली त्यात एक ‘एआय टूल्स’चा दिवस, शेवटी गूगल फॉर्मवर प्रश्नमंजुषा आणि प्रमाणपत्र. परत येऊन कुणाच्या शिकवण्यात काडीचा फरक पडलेला मी पाहिला नाही. मला तसं करायचं नाही, पण वेगळं म्हणजे काय तेही डोळ्यापुढे येत नाही.

अडचणी सांगते. बरीच पोरं एसटीनं येतात, शेवटची गाडी गाठायला साडेतीनला पळतात. फोन बहुतेकांकडे आहे, पण काही मुलींच्या घरी एकच फोन आणि तो भावाकडे. शिक्षकांमध्ये निवृत्तीला टेकलेले आहेत आणि कालपरवा नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) पास होऊन आलेलेही आहेत. शिवाय सगळे ‘यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) ४० टक्के’ म्हणतात, ते ४० टक्के नक्की कशाचे हे कुणालाच सांगता येत नाही.

कुणी अशी कार्यशाळा घेतली आहे का? टूल्स किती शिकवावीत?

---

जिन्याखालचा_सर्व्हर

मूडल टाकून द्या कॉलेजच्या सर्व्हरवर, ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर आहे. फुकट आहे, उपस्थिती, असाइनमेंट, क्विझ सगळं एका जागी. दोन दिवस हँड्स-ऑन पुरतात. व्हिडिओसाठी ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर शिकवा. पोरांना लॉगिन द्यायचं काम मात्र कुणाच्या तरी गळ्यात आधीच घाला, नाहीतर पासवर्ड विसरलेल्यांची रांग तुमच्या दारात लागेल. अनुभवाचे बोल.

---

तासिका_तत्त्व

मला एवढंच विचारायचंय की ऑनलाइन भागाचे तास वर्कलोडमध्ये धरणार का? मी सीएचबीवर आहे, म्हणजे तासाच्या मानधनावर. वर्गात उभा राहिलो तरच तास मोजला जातो. रात्री दहाला पोरांच्या शंकांना उत्तरं दिली, रविवारी व्हिडिओ केला, त्याचं मानधन शून्य. ४० टक्के ऑनलाइन म्हणजे उद्या आमचे ४० टक्के तास कापणार नाहीत कशावरून? कार्यशाळेत पहिला प्रश्न हाच येणार, तयारी ठेवा.

आणि खरंच फायदा होतो का याचा? की नुसतं नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायलीसाठी?

---

पेट्रीडिश

खतावणीताई, कॅनव्हाचा दिवस आधी काढून टाका, मग बोलू.

मी लातूरकडे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि गेली काही वर्षं शिक्षकांसाठी नेमक्या ह्याच विषयाच्या कार्यशाळा घेते. माझं म्हणणं एकच आहे: शिक्षकांना ऑनलाइन भाग बनवायला शिकवत बसू नका, ऑनलाइन आणि वर्ग यांच्यातला सांधा बसवायला शिकवा. व्हिडिओ आता कुणालाही जमतो. सोमवारी रात्री पोरानं फोनवर जे केलं त्याचं मंगळवारी अकराच्या तासाला काय होणार, याचं उत्तर शिक्षकाकडे नसेल तर तो कोर्स ब्लेंडेड नाही. तो नेहमीचाच कोर्स आणि वर ग्रुपवर टाकलेली एक लिंक.

बहुतेक ठिकाणी काय होतं बघा. सर लिंक टाकतात. वर्गात येऊन विचारतात, ‘कुणी कुणी बघितला?’ चार हात वर. मग सर तोच भाग फळ्यावर पुन्हा शिकवतात. ज्या चौघांनी बघितला होता ते पुढच्या वेळी कशाला बघतील? आणि बाकीच्यांना तर सरांनीच शिकवलं की नाही बघितलं तरी चालतं.

माझ्या विषयातलं सांगते. ग्राम स्टेनिंगचं प्रॅक्टिकल, म्हणजे जिवाणूंना रंग देऊन त्यांचा गट ओळखायचा. पूर्वी पहिला पाऊण तास फळ्यावर जायचा: क्रिस्टल व्हायोलेट (जांभळा रंग) एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, अल्कोहोलनं धुवा, शेवटी सॅफ्रानिन (गुलाबी रंग). पोरं लिहून घेणार आणि मग घाईत स्लाइड करणार. आता हा क्रम पाच मिनिटांच्या व्हिडिओत आहे, आमच्याच लॅबमध्ये फोनवर काढलेला, मागे ऑटोक्लेव्हची शिट्टी ऐकू येते. त्याखाली प्रश्न एकच. एकाच कल्चरच्या (लॅबमध्ये वाढवलेल्या जिवाणूंच्या) दोन स्लाइडी, एकीवर जांभळ्या पेशी दिसतात, दुसरीवर गुलाबी. काय झालं असेल? उत्तर दोन ओळींत, आदल्या रात्री नऊपर्यंत.

सकाळी चहा घेता घेता मी ती उत्तरं चाळते. साधारण तीन ढीग पडतात. ‘अल्कोहोल जास्त वेळ राहिलं.’ ‘कल्चर जुनं होतं.’ आणि ‘दोन वेगळे जिवाणू असतील’, म्हणजे प्रश्नच नीट वाचलेला नाही. लॅबमध्ये पहिल्या ढिगाला म्हणते, दाखवा करून: एका स्लाइडवर अल्कोहोल दहा-पंधरा सेकंद, दुसरीवर मिनिटभर. दुसऱ्या ढिगाला बॅसिलस ह्या जिवाणूचं ताजं आणि बरेच दिवसांचं अशी दोन कल्चरं देते. तिसऱ्यांना पहिल्या दोघांच्या स्लाइडी मायक्रोस्कोपखाली बघून निकाल द्यायला बसवते. ज्यानं काहीच पाठवलं नाही तोही तिसऱ्यात. फळ्यावर जाणारा पाऊण तास असा लॅबमध्ये मिळतो, आणि हात चुकला तर रंग का बदलतो हे पोरांना त्यांच्या स्वतःच्या स्लाइडवर दिसतं.

इथं व्हिडिओ साधाच आहे. कष्ट त्या एका प्रश्नाचे आहेत, आणि त्या उत्तरांवरून लॅबची मांडणी बदलण्याचे. शिक्षकांना हेच शिकवायचं असतं आणि हे पीपीटी दाखवून शिकवता येत नाही.

म्हणून कार्यशाळाच ब्लेंडेड करा. आठवडाभर आधी सगळ्यांना काम पाठवा: एक छोटा व्हिडिओ, एक प्रश्न, उत्तर फोनवरूनच द्यायचं, कॉलेजच्या वायफायवर नाही, स्वतःच्या डेटावर. पहिल्या दिवशी निम्मे लोक ते न करताच येतील. येऊ देत. तीसही जणांना विचारा, ‘आता मी हे परत शिकवू का?’ आमच्याकडे ह्या एका प्रश्नावर तास-दीड तास चर्चा होते आणि तिला कुणी पेंगत नाही.

प्रत्येकानं येताना स्वतःचं एक युनिट आणायचं. एकच. सोबत गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका आणि स्वतःचं वेळापत्रक. पहिल्या दिवशी कॉम्प्युटर बंद. त्या युनिटमध्ये पोरं नेमकी कुठं अडतात ते लिहायचं. ‘संकल्पना स्पष्ट नसतात’ असलं नको. कोणती बेरीज चुकते, कोणती आकृती उलटी काढतात, कोणता प्रश्न सोडून देतात, हे. ज्येष्ठ मंडळी इथं चमकतात, कारण अडण्याच्या जागा त्यांना तोंडपाठ असतात. नेटवाल्या तरुणांना टूल येतं पण ही यादी येत नाही. दोघांची जोडी लावा, तुमचा वयाचा प्रश्न तिथंच सुटतो.

दुसरा दिवस काय काढून टाकायचं याचा. ह्याला सगळ्यात जास्त विरोध होतो. शिक्षक जुन्यातलं काही सोडत नाही आणि वर ऑनलाइनचं चढवतो, मग कोर्सचा दीड कोर्स होतो. पोरं मेटाकुटीला येतात, सरही. माझा नियम आहे की ऑनलाइन एक गोष्ट घातली की वर्गातली एक खोडायची, लाल पेननं, शेजाऱ्यासमोर.

टूल्स? जे सगळ्यांच्या फोनमध्ये आधीपासून आहे ते. सर्व्हरवाल्या दादांचं मूडल चांगलंच आहे, पण ते पुढच्या वर्षी. २००२ पासून आहे, पळून जात नाही. व्हिडिओ सहा मिनिटांच्या आत ठेवायला सांगा. एडएक्स ह्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा एक अभ्यास २०१४ मध्ये झाला होता, त्यात लोकांचं लक्ष टिकायची मर्यादा साधारण तीच निघाली. मध्येच व्हिडिओ थांबवून बघणाऱ्याला काहीतरी लिहायला लावायची पद्धत आयआयटी मुंबईच्या श्रीधर अय्यर आणि सहाना मूर्तींच्या गटानं छान मांडली आहे, ते त्याला रिफ्लेक्शन स्पॉट म्हणतात. एवढं एक तंत्र आलं तरी पुष्कळ.

ज्या मुलींकडे फोन नाही त्यांच्यासाठी तोच मजकूर दोन पानांवर छापून द्या, प्रश्नासकट. हसू नका. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून शिक्षक समोर नसताना शिकवतंय, आणि त्याचा मोठा भाग छापील पुस्तकांवरच चाललाय. ‘ऑनलाइन’पेक्षा ‘वर्गाआधी’ हा शब्द मनात ठेवला की बरेच प्रश्न सुटतात.

आता ४० टक्के. मे २०२१ मध्ये यूजीसीनं ब्लेंडेड पद्धतीवर एक संकल्पना-टिपण सूचनांसाठी काढलं. एका विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन आणि उरलेला वर्गात शिकवता यावा, असं त्यात होतं. त्याच वर्षीच्या ‘स्वयम’च्या (केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलच्या) नियमांतही ४० टक्के आहेत, पण ते वेगळे: एका सत्रातल्या एकूण विषयांपैकी किती विषय विद्यार्थ्याला स्वयमवरून घेता येतील, त्याची कमाल मर्यादा. आधी ती २० होती. लोक हे दोन आकडे एकमेकांत मिसळतात. आणि दोन्ही ‘पर्यंत’ आहेत, ‘इतकं केलंच पाहिजे’ नाही. तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक काय म्हणतं ते मात्र परीक्षा विभागातून लेखी घ्या.

तासिका_तत्त्व, तुमचा मुद्दा सोळा आणे खरा आहे. फायद्याचं विचाराल तर अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यात मिश्र पद्धत नुसत्या वर्गापेक्षा सरस ठरली, पण तिथंच असंही लिहिलंय की मिश्र वर्गांना बहुधा जास्तीचा वेळ आणि जास्तीचं साहित्य मिळालं होतं, त्यामुळे श्रेय माध्यमाला देता येत नाही. आता हा जास्तीचा वेळ कुणाच्या तरी खिशातून जाणार. सीएचबीवाल्याच्या खिशातून जात असेल तर कॉलेजनं ती बाब आधी मिटवावी. ताई, प्राचार्यांना उद्घाटनाला बोलावण्याऐवजी हे उत्तर द्यायला बोलवा.

---

धुक्यातला_पुणेकर

मी इंग्लंडमध्ये एका विद्यापीठात कोर्स डिझाइनच्या विभागात आहे. पेट्रीडिश यांचा ‘कॉम्प्युटर बंद’ दिवस वाचून बरं वाटलं. इकडे एबीसी नावाची पद्धत बरीच चालते, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये क्लाइव्ह यंग आणि नताशा पेरोविच यांनी बसवलेली. दीड तासाची कार्यशाळा, सगळी कागदावर. सहा रंगांची कार्डं असतात: ऐकणं-वाचणं, शोधणं, सराव, चर्चा, मिळून काम आणि निर्मिती. हे सहा प्रकार डायना लॉरिलार्ड यांच्या मांडणीतले. कार्डाच्या मागे त्या प्रकारच्या कृती लिहिलेल्या असतात, वर्गातल्या वेगळ्या आणि ऑनलाइनच्या वेगळ्या. शिक्षक मोठ्या कागदावर आठवड्यांप्रमाणे कार्डं मांडतात आणि जिथं मूल्यमापन असेल तिथं चांदणी चिकटवतात, गुणांसाठी असेल तर सोनेरी, नुसत्या अंदाजासाठी असेल तर रुपेरी.

बहुतेकांच्या कागदावर पहिल्या फेरीत एकाच रंगाचा गठ्ठा दिसतो, ऐकणं-वाचणं. ते मोठ्यानं सांगावं लागत नाही, टेबलावर दिसतंच. कार्डं क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट मिळतात, मराठीत करून घ्या.

---

खतावणी

सगळ्यांचे आभार. पेट्रीडिशताई, मीच आधी एक युनिट करून बघावं म्हटलं. एसवायचं (दुसऱ्या वर्षाचं) घसाऱ्याचं घेतलं, म्हणजे वापरानं वस्तूची किंमत दर वर्षी किती घटते त्याचा हिशेब. आराखडा असा: दहा मिनिटांचा व्हिडिओ (स्थिर हप्ता म्हणजे दर वर्षी मूळ किमतीवर आणि घटती शिल्लक म्हणजे उरलेल्या किमतीवर, दोन्ही पद्धती), त्यावर वीस बहुपर्यायी प्रश्नांची क्विझ, मग वर्गात पुस्तकातली गणितं. ठीक वाटतंय का? मनमोकळं झोडा.

---

पेट्रीडिश

झोडते.

व्हिडिओचे दोन करा, एका पद्धतीला एक. वीस प्रश्नांची क्विझ रात्री साडेआठला एक हुशार मुलगी सोडवणार आणि आठ पस्तीसला तिचे स्क्रीनशॉट अख्ख्या वर्गाच्या ग्रुपवर असणार. तुम्हाला सगळ्यांना वीसपैकी वीस दिसतील आणि तुम्ही खूश व्हाल. आणि वर्गात पुस्तकातलीच गणितं सोडवायची तर क्विझचा उपयोग काय झाला? सांधा कुठाय?

असं करून बघा. प्रत्येकानं घरातली एक वस्तू निवडायची: शिलाई मशीन, मोटरसायकल, पिठाची गिरणी, फवारणी पंप. घेतली तेव्हाची किंमत घरच्यांना विचारायची. १० टक्क्यांनी तीन वर्षांचा घसारा दोन्ही पद्धतींनी काढायचा, वहीच्या पानाचा फोटो पाठवायचा. किंमत प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे नक्कल मारून भागत नाही. आणि अजून एक ओळ लिहायची: आज ही वस्तू विकायला काढली तर किती येतील?

वर्गात तुम्ही एक लाखाचं उदाहरण फळ्यावर टाका. स्थिर हप्त्यानं दर वर्षी १०,०००, म्हणजे तीन वर्षांनी उरले ७०,०००. घटत्या शिल्लकीनं १०,०००, मग ९,०००, मग ८,१००, उरले ७२,९००. हे पोरांना येतंच. आता विचारा, कुणाच्या वस्तूचा बाजारभाव ह्या दोन्हींच्या जवळपास तरी आहे? गिरणीवाली म्हणेल, आहे. फोन निवडलेला म्हणेल, छे, तीन वर्षांत निम्म्याच्याही खाली. मग १० टक्के हा दर आला कुठून, सगळ्या वस्तूंना एकच दर कसा, हा वाद आपोआप निघतो. त्या क्षणी सांगा की आयकरात घटती शिल्लकच धरतात आणि सर्वसाधारण यंत्रसामग्रीला १५ टक्के तर कॉम्प्युटरला ४० टक्के दर आहे. हे सुरुवातीलाच सांगितलं असतं तर पाठ केलं असतं आणि विसरले असते.

ऐंशी फोटो तपासत बसू नका. नुसतं चाळा, ज्यांचं दुसऱ्या वर्षी चुकलंय अशी चार-पाच पानं बाजूला काढा (बहुतेक जण मूळ किमतीवरच पुन्हा १० टक्के काढतात, हो ना?) आणि नावं झाकून तीच वर्गात दाखवा.

---

खतावणी

हो! अगदी तेच चुकतं. दर वर्षी. मला आतापर्यंत ते पेपर तपासतानाच दिसायचं, म्हणजे उपयोग संपल्यावर.

आता प्रश्न पाच दिवसांचा. सलग घ्यावेत का? आणि हे सगळं करून लोक परत गेल्यावर जुन्या वाटेला लागू नयेत म्हणून काय करता?

---

पेट्रीडिश

सलग नको. तीन दिवस आत्ता, दोन सुट्टीनंतर. पहिल्या तीनमध्ये एका युनिटचा आराखडा आणि वर्गाआधीचा एक तुकडा तयार व्हायला हवा. तिसऱ्या दिवशी दुपारी आठ-दहा विद्यार्थी बोलवा आणि तो तुकडा त्यांच्या फोनवर त्यांना करायला द्या. शिक्षकानं मागे उभं राहून बघायचं, बोलायचं नाही. ‘बोलायचं नाही’ हे प्राध्यापकांना अशक्यच असतं, म्हणून मी दोघादोघांवर एकेक पहारेकरी नेमते. सूचना कळत नाही, फाइल उघडत नाही, प्रश्न दोन अर्थांचा आहे, हे सगळं तिथं दहा मिनिटांत बाहेर येतं.

सुट्टीनंतर प्रत्येकानं ते युनिट खऱ्या वर्गात घ्यायचं आणि मगच उरलेले दोन दिवस. येताना पोरांची खरी उत्तरं आणायची आणि त्यावरून वर्गात काय बदललं ते सांगायचं. माझ्या अनुभवात खरं शिकणं ह्या दोन दिवसांत होतं, पहिले तीन म्हणजे नांगरट.

प्रमाणपत्र पाचव्या दिवशीच द्या, आधी नाही. कॅससाठी (प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या योजनेसाठी) ते लागतं, त्यामुळे लोक बरोबर येतात.

---

तासिका_तत्त्व

आम्हाला कॅस नाही, मॅडम. पण वर्गात करून बघायचा भाग पटला, कारण तो तास तरी मोजला जाईल.

---

पेट्रीडिश

तुमच्यासाठी ताईंना वेगळं सांगते: सीएचबीवाल्यांना नवीन काही रेकॉर्ड करायला लावू नका. एकाच विषयाचे दोघं-तिघं असतील तर व्हिडिओ कायम नोकरीवाल्यानं करायचा आणि तो सगळ्यांनी वापरायचा. सांध्याचा प्रश्न मात्र प्रत्येकानं स्वतःच्या वर्गासाठी स्वतः लिहावा, त्याला कॅमेरा लागत नाही.

---

खतावणी

आज प्राचार्यांशी बोलले. तीन अधिक दोन मान्य झालं. कुरकुर एकाच गोष्टीची होती, चहा-नाश्त्याचं बिल दोनदा पास करावं लागेल. वर्कलोडवर त्यांनी ‘व्यवस्थापनाशी बोलून कळवतो’ म्हटलंय, ते मी कार्यशाळेच्या नोटिशीत त्यांच्याच शब्दांत छापणार आहे. पुणेकर, कार्डांची मूळ फाइल कुठे मिळेल तेवढं सांगा. मराठी मी करते, रंगीत प्रिंट मात्र साताऱ्याहूनच काढून आणाव्या लागतील.